आधी वारा शोधा, मग हीटिंग लावा

इंग्लंडच्या थंडीबद्दल कुणी विचारलं की मी तापमान सांगत बसत नाही, कारण नुसत्या आकड्यातून काहीच कळत नाही. लेस्टरला जानेवारीत रात्री एक-दोन डिग्री असतात, दुपारी सहा-सात. माझं माहेर निफाडच्या बाजूचं, तिथेही थंडीच्या लाटेत पहाटेचा पारा पाच-सहावर येतो, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात, त्यामुळे थंडी मी लहानपणापासून बघितलेली आहे. पण तिथे सकाळी नऊला ऊन अंगणात येतं आणि ओट्यावर अर्धा तास बसलं की अंग सैल होतं. इथे डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, बऱ्याचदा तर दिवसभर तो दिसलेलाच नसतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथली थंडी घरात येऊन बसते. बाहेर जाताना आपण जॅकेट, टोपी, हातमोजे असं सगळं घालून निघतो, तिथे काही वाटत नाही. त्रास होतो तो संध्याकाळी सोफ्यावर बसल्यावर घोट्यांना लागणाऱ्या बारीक वाऱ्याचा, भिंतीवरचा गरम पाण्याचा रेडिएटर हाताला पोळत असताना पाठीवर येणाऱ्या शहाऱ्याचा. हीटिंग चालू आहे, मीटर पळतोय, आणि तरी घर गरम नाही.

आपल्याकडे घर बघायला गेलं की आधी विचारतात हवा येते का, वारा आरपार वाहतो का. तीच सवय डोक्यात घेऊन आपण इथे येतो आणि घरातून वारा वाहत असला तरी त्याच्याकडे लक्षच जात नाही, जातं ते फक्त हीटरकडे. मोठा हीटर घेऊ, अजून एक घेऊ, थर्मोस्टॅट चोवीसवर टाकू. मला या लेखात मुख्य सांगायचंय ते एवढंच की आधी घरातला वारा शोधा. गरम करायचा विचार त्यानंतर. पैसेही याच क्रमाने खर्च करा.

आमचं घर लेस्टरच्या जुन्या भागातल्या लाल विटांच्या रांगेतलं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. इंग्लंडमधलं साधारण दर पाचातलं एक घर १९१९ च्या आधी बांधलेलं आहे आणि अशा रांगाच्या रांगा लेस्टर, लीड्स, मँचेस्टर, नॉटिंगहॅम सगळीकडे आहेत. पुढचं दार सरळ फुटपाथवर उघडतं, मागे लांबट स्वयंपाकघर आणि बाथरूम नंतर जोडल्यासारखं, खाली सेलर म्हणजे तळघर, वर लॉफ्ट म्हणजे छपराखालचा माळा, आणि दोन घरांच्या मधून मागच्या अंगणात जायला एक बोळ, ज्याला इथे एन्ट्री म्हणतात. त्या बोळावर पहिल्या मजल्याची खोली येते, म्हणजे त्या खोलीच्या जमिनीखाली उघडी हवा. भिंती नऊ इंचाच्या, भरीव. बाहेरून विटा बघितल्या तर एक आडवी लांब, एक फक्त डोकं दिसणारी, अशा आळीपाळीने लावलेल्या दिसतात, तशी भिंत दिसली की समजायचं मधे पोकळी नाही आणि पोकळीत भरायचं स्वस्तातलं इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवून धरणारा थर, इथे चालणार नाही.

ही घरं अशी का बांधली हे मला आमच्या शेजारच्या आजींमुळे समजलं. त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि जन्मापासून याच गल्लीत. त्यांच्या लहानपणी दर खोलीत शेगडी, म्हणजे फायरप्लेस, आणि फुटपाथवरच्या गोल लोखंडी झाकणातून कोळसेवाला पोती थेट सेलरमध्ये ओतायचा. कोळसा नीट जळायला हवा लागते आणि ती हवा दाराच्या फटीतून, फळ्यांच्या मधून, खिडकीच्या कडेने यावी हे गृहीतच धरलेलं होतं. घरभर ऊब असावी अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, सगळे शेगडीपुढे बसायचे, पाठीमागून वारा लागू नये म्हणून खुर्चीला कानासारख्या दोन बाजू असायच्या, दारावर जाड पडदा. वरच्या खोल्यांत सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी दिसायची असं त्या सांगतात. मग डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर तो भयंकर धुरकट धुक्याचा पडदा आला, हजारो माणसं गेली, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, कोळसा हळूहळू गेला, १९६५ मध्ये उत्तर समुद्रात गॅस सापडला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत घराघरात तो पोचला. गॅसवर पाणी तापवणारे बॉयलर आले, ते पाणी खोल्याखोल्यांत फिरवणारे रेडिएटर आले. पण कोळशासाठी ठेवलेली ती हवेची वाट तशीच राहिली. फायरप्लेसपुढे एखादी फळी मारली, बाकी चिमणी उघडीच. म्हणजे रेडिएटर खोली गरम करतो आणि चिमणी ती गरम हवा ओढून आकाशात सोडते, दिवसरात्र, आपण झोपलेलो असतानाही.

आमचं हे सगळं खरं सुरू झालं २०२२ मध्ये. ऑक्टोबर २०२१ ला सर्वसाधारण घराचं गॅस आणि विजेचं वर्षाचं बिल सरकारी मर्यादेप्रमाणे १,२७७ पाउंड धरत होते, एप्रिल २०२२ ला ते १,९७१ झालं, आणि ऑगस्टमध्ये जाहीर झालं की ऑक्टोबरपासून ३,५४९. तो आकडा टीव्हीवर आला तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शेवटी सरकारने मध्ये पडून २,५०० च्या आसपास धरून ठेवलं आणि प्रत्येक घराला ४०० पाउंड हप्त्याहप्त्याने दिले, तरीही विजेचं एक युनिट ३४ पेन्स आणि गॅसचं १०.३ पेन्स. त्या हिवाळ्यात लायब्रऱ्यांनी, चर्चनी, कम्युनिटी सेंटरनी दारं उघडून ठेवली, या आणि उबेला बसा म्हणून. लायब्ररीत कोट न काढता तासन् तास पेपर चाळत बसलेली म्हातारी माणसं मी बघितली आहेत आणि ते दृश्य मला अजून त्रास देतं. शेजारच्या आजी एकाच खोलीत राहायला लागल्या, संध्याकाळी सातला अंथरुणात, कारण तिथे गरम वाटतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते घराच्या आत निदान १८ डिग्री हवं, म्हाताऱ्यांना आणि लहान बाळांना त्याहून जास्त, नाहीतर रक्तदाब वाढतो, छातीचे आजार बळावतात. आजींच्या हॉलमध्ये तेरा असायचं. माझ्या मते घरात माणसाला कोट घालून बसावं लागू नये, ही साधी माणुसकीची गोष्ट आहे. नंतर दर उतरले, पण २०२१ ला होते तिथे काही परत गेले नाहीत.

तर वारा कसा शोधायचा. यासाठी महागडी उपकरणं आहेत, दाराला मोठा पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढतात आणि किती गळती आहे ते मोजतात, पण आपल्याकडे त्याहून सोपी वस्तू देवघरात आहे. उदबत्ती. बाहेर वारा सुटलेला दिवस निवडायचा, सगळ्या खिडक्या-दारं बंद करायची, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन चालू करायचा म्हणजे आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरची प्रत्येक फटीतून आत ओढली जाते, आणि मग पेटवलेली उदबत्ती हळूहळू दाराच्या कडेने, खिडकीच्या चौकटीने, स्कर्टिंगच्या खालून फिरवायची. पडदे आणि कागद जरा लांब ठेवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, आडवा झाला की तिथे खडूने खूण. आमच्याकडे हे काम मुलीने आवडीने केलं, आणि खुणा बघून आम्ही दोघं गप्पच झालो, कारण आम्हाला वाटत होतं सगळा दोष खिडक्यांचा.

खिडक्यांचा होता, पण थोडाच. पुढच्या दाराची पत्रपेटी, म्हणजे दारालाच असलेली ती चपटी फट, तिच्यातून धूर अक्षरशः खोलीच्या मध्यापर्यंत आला. कीहोलमधून आला. जिन्याखाली सेलरचं दार आहे, त्याच्या खालची फट बोटभर, तिथून येणारी हवा सेलरच्या वासाची. फरशीच्या जागी इथे लाकडी फळ्या असतात, त्यांच्या मधून आणि भिंतीच्या कडेने. सिंकखाली पाइप जिथून भिंतीत शिरतात तिथे प्लंबरने पाइपपेक्षा दुप्पट मोठं भोक पाडून ठेवलेलं असतं आणि कपाटाआड असल्यामुळे ते वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही, ते बघाच, मी ज्यांच्या ज्यांच्या घरी गेले त्या जवळजवळ प्रत्येक घरात ते सापडलंय.

आणि वर, जिन्याच्या शेवटी, लॉफ्टच्या झाकणापाशी धूर वरती खेचला गेला. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. गरम हवा हलकी, ती वर जाते आणि चिमणीतून, लॉफ्टच्या झाकणातून, छतातल्या दिव्यांच्या भोकांतून बाहेर पडते, आणि जेवढी वरून जाते तेवढीच थंड हवा खालून, दाराखालून, फळ्यांमधून आत ओढली जाते. म्हणजे पायाला लागणाऱ्या वाऱ्याचं कारण बऱ्याचदा डोक्यावर असतं. खालच्या फटी बुजवत बसण्याआधी वरचं बंद करा, खालचा वारा आपोआप मंदावतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो चिमणीने. तिच्यात घालायला फुगवायचा फुगा मिळतो किंवा दाबलेल्या लोकरीची जाड गादी मिळते, खालून हाताने वर सरकवायची, वीस-पंचवीस पाउंडांत काम. लोकरीची मला जास्त आवडली कारण ती थोडी ओल शोषते आणि किंचित हवा जाऊ देते, चिमणी आतून कुबट होत नाही. फक्त त्याला लाल रिबन बांधून खाली लोंबती ठेवा, कुणी उद्या तिथे आग पेटवायला नको. आमच्या मागच्या खोलीत ती घातल्यावर त्याच संध्याकाळी मुलगी म्हणाली, आई, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज कमी झाला. आवाजही त्याच वाटेने येत होता.

लॉफ्टच्या झाकणाच्या कडेने फोमची पट्टी आणि झाकणाच्या पाठीवर इन्सुलेशनचा तुकडा, हे दोन तासांचं काम. लॉफ्टमध्ये आधीचं लोकरीसारखं इन्सुलेशन होतं, तुळयांच्या उंचीइतकं, साधारण १०० मिलिमीटर, आता शिफारस २७० ची आहे, म्हणून आम्ही त्याच्यावर आडवे १७० चे रोल टाकले. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट हे सगळं घालून करा, अंगाला भयंकर खाज येते. आणि छपराच्या कडेला जिथून हवा खेळते तिथे रोल कोंबू नका, लाकूड कुजतं.

पत्रपेटीला ब्रशची पट्टी, कीहोलला सरकतं झाकण, दाराखाली ब्रश, पाइपांच्या भोकांना सिलिकॉन किंवा फोम. जमिनीच्या कडेला फोमची दोरी दाबून वर फिलर. हे सगळं मिळून आमचे साठ-सत्तर पाउंड गेले असतील आणि ते बहुतेक त्याच हिवाळ्यात वसूल झाले. पुढच्या दारावर आतून रॉड लावून मी सोलापुरी चादर टांगली, आईने येताना आणलेल्या दोन होत्या, एकीला दुसरी शिवली. बाजारातले दारासाठीचे जाड पडदे पन्नास पाउंडांच्या पुढे असतात. चादर जमिनीवर चार बोटं लोळली पाहिजे, नाहीतर खालून वारा येतच राहतो.

पुढच्या खोलीच्या खिडक्या अजून जुन्या लाकडी, वरखाली सरकणाऱ्या, दोरीला आत वजनं असलेल्या. त्या बदलून प्लॅस्टिकच्या डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या, बसवा असं सगळे सांगतात, पण एका खिडकीला हजारच्या पुढे आणि खिडक्या सुंदर आहेत, मला त्या काढायच्या नाहीत. आतल्या चौकटीला दुतर्फा चिकटपट्टीने पातळ पारदर्शक फिल्म लावायची आणि हेअर ड्रायरची गरम हवा मारली की ती ताणून काचेसारखी सपाट होते. काच आणि फिल्म यांच्या मधे हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच काम करते, आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा करायची तेच काम. दहाएक पाउंडांत एका खोलीचं भागतं. मार्चमध्ये काढून टाकायची, पुढच्या वर्षी नवी. रात्री पडदे लावायचे ते रेडिएटरच्या पुढून नको, खिडकीच्या कठड्यावर टेकतील एवढेच, नाहीतर रेडिएटरची सगळी ऊब पडद्यामागे खिडकीला मिळते.

आता जिथे हात लावायचा नाही ते सांगते, आणि हे मी कळकळीने सांगते. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत भोकाभोकांच्या विटा किंवा लोखंडी जाळ्या असतात, त्या जमिनीखालच्या तुळया कोरड्या राहाव्यात म्हणून आहेत. थंड वारा येतो म्हणून लोक त्या बुजवतात आणि पाच-दहा वर्षांनी फळ्या पायाखाली दबायला लागतात. त्या उघड्या ठेवा, वारा अडवायचा तो फळ्यांच्या वरच्या बाजूला. ज्या खोलीत खोली गरम करायची गॅसची शेगडी, लाकडाचा स्टोव्ह किंवा चिमणीला जोडलेला जुना बॉयलर आहे तिथली हवेची जाळी अजिबात बंद करायची नाही, हवा कमी पडली की जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. वीस पाउंडांचा अलार्म लावा, भाड्याच्या घरात अशी उपकरणं असलेल्या खोलीत तो लावणं घरमालकाला बंधनकारक आहे, नसेल तर मागा. आणि कुंडीखाली मेणबत्त्या लावून खोली गरम करण्याचे जे व्हिडिओ फिरतात ते बघून करू नका, कुंडीमुळे मेणबत्तीची उष्णता एका कणानेही वाढत नाही आणि आग लागल्याच्या घटना खऱ्या आहेत.

दुसरी गोष्ट ओल. फटी बुजवल्या की घरातली वाफ बाहेर जायची वाटही कमी होते. आपल्या स्वयंपाकात वाफ जास्त, कुकरच्या शिट्ट्या, उकळता वरण-भात, आणि हिवाळ्यात कपडे रेडिएटरवर वाळत घालायचे, एका मशीनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. ते पाणी सगळ्यात थंड भिंतीवर जाऊन बसतं, कपाटामागे, पलंगामागे, आणि तिथे काळी बुरशी धरते. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. वडील तक्रारी करत होते, भिंत रंगवा असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत ते कारण अधिकृतपणे नोंदलं गेलं आणि आता त्याच्या नावाने कायदा आहे, सोशल हाउसिंगच्या, म्हणजे कौन्सिलच्या किंवा संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांच्या, मालकांना ओल आणि बुरशीची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत काम करावं लागतं. मला हे वाचताना रडू आलं होतं आणि आजही कुणी सहज म्हणालं ना की कोपऱ्यात जरा काळं पडलंय, तर मी त्यांना तिथेच थांबवते. कुकर लावला की फॅन लावा, झाकण ठेवा, आंघोळीनंतर बाथरूमचं दार बंद करून फॅन पंधरा मिनिटं चालू ठेवा, कपडे एकाच खोलीत वाळवा आणि त्या खोलीचं दार बंद ठेवून खिडकी किलकिली ठेवा. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. भिंती तेवढ्यात थंड होत नाहीत, हवा मात्र बदलते. वारा आपल्या इच्छेने आणि आपल्या वेळेला आत यावा, एवढंच आपल्याला हवंय.

इतकं झाल्यावर गरम करण्याकडे वळायचं. बॉयलरबद्दल एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगितलेलीच नसते. २००५ पासून इथे बसवलेले जवळजवळ सगळे बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीही ते वापरतात, पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ डिग्रीच्या खाली असेल तेव्हाच. बसवणारा माणूस मात्र पाणी ७५-८० वर ठेवून जातो. आमचा कॉम्बी बॉयलर आहे, गरम पाण्याची टाकी नाही, म्हणून आम्ही रेडिएटरचं पाणी ६० वर आणलं. खोली गरम व्हायला जरा जास्त वेळ लागतो, पण गॅस कमी जळतो. टाकी असेल तर मात्र टाकीतलं पाणी ६० च्या खाली ठेवू नका, त्यात घातक जंतू वाढतात. सॅल्फर्ड युनिव्हर्सिटीने जुन्या विटांचं अख्खं टेरेस घर एका बंद चेंबरमध्ये बांधून ठेवलंय, बाहेर पाहिजे तशी थंडी पाडायची आणि आत काय होतं ते मोजायचं, मला एकदा ते आतून बघायचंय.

विजेच्या हीटरच्या जाहिरातींना भुलू नका. पंख्याचा असो, तेलाचा असो, भिंतीत खुपसायचा छोटासा असो, एक युनिट वीज खाल्ली की सगळे सारखीच उष्णता देतात. दोन किलोवॉटचा हीटर तासभर लावला की दोन युनिटं, २०२२ च्या त्या हिवाळ्यातल्या दराने ६८ पेन्स. त्याऐवजी माणूस गरम करा. शंभर वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट दहा तासांत एक युनिट घेतं. गरम पाण्याची रबरी पिशवी तर त्याहून स्वस्त, दीड लिटर पाणी तापवायला तेव्हाच्या दरानेही पाच-सहा पेन्स. उकळतं पाणी थेट ओतू नका, जरा थांबा, आणि पिशवीच्या गळ्याशी फुलासारखा शिक्का असतो त्याच्या मधला आकडा बघा, तो बनवल्याचं वर्ष सांगतो. दोनेक वर्षांनी बदलायची. शेजारच्या आजींची पिशवी बघितली तर रबर तडकलेलं होतं, त्या रोज ती पोटाशी घेऊन झोपत होत्या. त्यांच्याकडे आम्ही दारांना ब्रश लावले, चिमणीत लोकर घातली, मोज्यांच्या जोड्या आणि एक ब्लँकेट नेऊन दिलं. पहिल्यांदा नको म्हणाल्या, कुणाकडून काही घ्यायची सवय नाही. मग मी म्हटलं, तुम्ही मला चिमणीचं सगळं शिकवलंत ना. तेव्हा घेतलं. त्यांचा हॉल आता सतराला असतो, थर्मामीटर मी दिलाय आणि त्या तो वाचून मला फोन करतात.

पुण्या-नाशिकहून दर सप्टेंबरला मुलं शिकायला येतात, पाचजण मिळून अशाच एखाद्या घरात राहतात, आणि त्यांच्यापैकी कुणीतरी नोव्हेंबरमध्ये विचारतंच, ताई हीटर कुठला घेऊ. बाळांनो, सही करायच्या आधी त्या घराचं एनर्जी सर्टिफिकेट बघा, पत्त्यावरून ऑनलाइन फुकट दिसतं, दर्जा ए सगळ्यात चांगला आणि जी सगळ्यात वाईट, भाड्याचं घर निदान ई दर्जाचं असायला हवं असा २०२० पासून नियम आहे, काही घरांना सूट असते, पण एफ किंवा जी दिसलं तर विचारा का म्हणून. घर बघायला अंधार पडल्यावर, वारा असेल त्या दिवशी जा, आणि कपाटामागची भिंत हाताने चाचपून बघा. बिल भाड्यात धरलंय म्हणाले तर वापराला मर्यादा किती आहे ते कागदावर घ्या. राहायला गेल्यावर भिंतीत भोकं न पाडता करण्यासारखं बरंच आहे, फिल्म, फोमची पट्टी, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल, रेडिएटरमधली हवा काढायची छोटी चावी. ती चावी पाउंडभराची. रेडिएटर वर थंड आणि खाली गरम लागत असेल तर हीटिंग बंद करून, तो गार झाल्यावर खाली फडकं धरून ती फिरवा, हवा फुसफुसून गेली आणि पाणी आलं की बंद. बॉयलरचा दाब नंतर एकदा बघून घ्या. हीटरचं मग बघू.

आमच्याकडे आता राहिली आहे ती बोळावरची खोली, मुलीची. खालून बोळाच्या छताला बोर्ड लावले असते तर सोपं झालं असतं, पण बोळ शेजारच्यांचाही आहे आणि त्यांची सायकल, कचऱ्याचे मोठे डबे जायला उंची पुरायला हवी. त्यांच्याशी बोललो, त्यांची हरकत नाही पण त्यांनाही आमच्यासारखंच वाटतं की वरूनच करावं. ऑक्टोबरमध्ये शाळेला हाफ टर्मची सुट्टी असते, मुलगी मैत्रिणीकडे राहायला जाणार आहे, तेव्हा तिच्या खोलीतल्या फळ्या उचलायच्या, तुळयांच्या मधे मिनरल वूल भरायचं आणि वरून कडा बंद करायच्या. रोल आणून लॉफ्टच्या जिन्यापाशी ठेवलेत. फळ्यांना नंबर घालायला खडू हवाय, तो आज संध्याकाळी आणते.